टेप माझ्याकडे, पण हक्क कोणाचा?

अंतरा: आमच्या दिवंगत गुरुजींच्या एका खासगी मैफलीची टेप माझ्याकडे आहे. एका श्रोत्याने स्वतःचं मशीन आणून ती रेकॉर्ड केली होती. मी डिजिटाइझ करून खरखर काढली. मैफलीचा एक फोटोही आहे, मागे छायाचित्रकाराचा शिक्का आहे. दोन्ही नेटवर टाकायचंय. परवानगी कोणाची घ्यायची?

फीतवाला: ताई, फीत तुमची आहे, तिच्यावरचे हक्क मात्र तिघांकडे असू शकतात. बंदिश पारंपरिक असेल तर तिथे अडचण नाही. गुरुजींनी बांधलेली असेल तर वारसांना विचारा. गायन हा वेगळा हक्क. १९६१च्या रोम करारात त्याला मान्यता मिळाली, भारतीय कायद्यात तो १९९४ला आला. तोही वारसांशी बोलून सोडवा.

तिसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, आणि नेमका तोच लोक विसरतात. कॅसेटच्या कव्हरवर वर्तुळात इंग्रजी ‘पी’ छापलेला असतो ना, तो याच हक्काचा. भारताच्या १९५७च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा माणूस. इथे तो मशीन आणणारा श्रोता. माइक कुठे ठेवायचा, तबला किती येऊ द्यायचा, फीत संपत आली की कोणत्या क्षणी उलटायची, हे सगळं त्याने ठरवलं. माझं आयुष्य जुन्या फितींत गेलं. अशा माणसाचं नाव गाळलेलं मला सहन होत नाही. खरखर काढायला कान लागतो, त्याचं श्रेय जरूर घ्या, पण ‘ध्वनिसंस्करण’ म्हणून. तेवढ्याने मूळ रेकॉर्डिंग आपलं होत नाही.

निगेटिव्ह: फोटोचं मी सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४मध्येच, ऑस्कर वाइल्डच्या फोटोच्या खटल्यात, छायाचित्रकाराला कर्ता मानलं, कारण बैठक, पोशाख, उजेड त्याने योजला होता. आपल्याकडेही फोटो काढणारा हाच कर्ता. पण कोणी पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. त्यामुळे शिक्का पाहून थांबू नका, फोटो कोणी सांगून काढवला तेही विचारा.

अंतरा: त्या श्रोत्याच्या मुलाचा पत्ता मिळालाय. तोंडी हो चालेल?

फीतवाला: लेखी घ्या. कुठे टाकणार, त्यातून पैसे मिळणार का आणि श्रेयात वडिलांचं नाव कसं लिहायचं, हे तिन्ही त्यात येऊ द्या. आणि मूळ फीत जपून ठेवा, डिजिटल झाली म्हणून टाकू नका.