कंबरदुखी: एमआरआय रिपोर्ट आणि गोळ्यांचा धोका

रानवारा
वय ४६. शिवणकाम करते, म्हणजे दिवसभर मशीनवर वाकून बसणं आलंच. दोन वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी बाहेर फुगणं) आणि 'झीज' आली, तेव्हापासून वाकायचीच भीती बसली आहे. कापडाचा गठ्ठा उचलायलाही मुलाला हाक मारते. दुखणं असह्य झालं की डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेते. आता वाचलं, तिने हृदयविकाराचा धोका एक तृतीयांशाने वाढतो. नेमकं सिद्ध काय झालंय?

निळीशाई
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. रिपोर्टमधल्या शब्दांनी धास्तावलेली माणसं मला रोज भेटतात आणि फार वाईट वाटतं.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३ हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या साधारण ६० टक्के लोकांत डिस्क बल्ज होता, विशीतल्या ३० टक्क्यांतही. तेव्हा तुमचं दुखणं त्या बल्जमुळेच आहे, असं नुसत्या रिपोर्टवरून ठरत नाही. दुखणं मात्र खरंच आहे, त्याबद्दल शंका नको.

गोळीबाबत 'एक तृतीयांशाने' ऐकलं की आधी विचारा, मुळात किती होता? २०१३ च्या मोठ्या विश्लेषणात हिशोब असा निघाला: हजार जणांनी वर्षभर रोज मोठ्या मात्रेत डायक्लोफेनॅक घेतलं, तर हृदयविकार-पक्षाघातासारखे गंभीर प्रसंग सुमारे ३ ने वाढतात, त्यांतला एक जीवघेणा. अधूनमधून घेतलेली गोळी आणि रोजची मोठी मात्रा यांत फरक आहे. पण बीपी, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास, अल्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका.

सावलीतला
मला तर कंबरेच्या पट्ट्याने बरं वाटतं. ट्रॅक्शनही (कंबरेला ताण देणं) सुचवलंय.

निळीशाई
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी पट्टा, ट्रॅक्शन आणि ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) गोळ्या नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलंय. व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि काहींना मानसोपचाराची जोड, यांची शिफारस आहे.

रानवारा
पण व्यायामाने दुखलं तर?

निळीशाई
सुरुवातीला थोडं दुखेल. त्याचा अर्थ इजा होतेय असा नव्हे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हे सगळे कंबरदुखीतून नुकते बरे झालेले होते. ज्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. तुमची कंबर अजून दुखतेय, म्हणून हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चालणं तुम्हालाही सुरू करता येईल. झेपेल तेवढंच चाला, मग हळूहळू वाढवा. शिवताना मध्येमध्ये उठा. गठ्ठाही हलका करून स्वतः उचलायला लागा.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तरीही लवकर डॉक्टरांना दाखवा.