बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठला घ्यावा?

मुलुंडची_मीरा
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मुलुंडला रीसेलचा फ्लॅट घेतला. बाथरूममध्ये आधीच्या मालकांचा पाइप गॅसवरचा गिझर आहे, चालतोय म्हणून ठेवला. डक्टकडची, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडची खिडकी त्यांनी कबुतरांच्या त्रासाने अ‍ॅक्रिलिक शीट ठोकून बंद केलीय. या आठवड्यात आईला दोनदा आंघोळ करून आल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं. ताप नाही, बीपी ठीक, ऑक्सिमीटरवर ९८. भाऊ म्हणतो अलार्म घे. ऑनलाइन ढीगभर आहेत, निम्म्यांवर नुसतं ‘गॅस डिटेक्टर’ लिहिलंय. कुठला घेऊ, कुठे लावू?

पार्लेकर_काकू
मीरा, अलार्मचं मागाहून बघू. आधी ऊठ आणि त्या गिझरचा गॅसचा कॉक बंद कर. आंघोळीचं पाणी पातेल्यात तापवा, चार दिवस गैरसोय झाली तर होऊ दे. माझ्या भाच्याला आम्ही दार तोडून बाहेर काढलंय. नळाचा आवाज येत होता, हाका मारल्या तर ओ नाही. ना वास, ना धूर. वाचला, पण ते आठवलं की अजून हात थरथरतात.

डॉक्टर_गिरगाव
काकूंचं ऐका. आणि त्या ९८ वर विसंबू नका. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. आकडा छान दिसतो, पेशंट गुदमरत असतो. पुन्हा असं झालं तर आईंना लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ असं स्वतः सांगा. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतात. उशीर करू नका, साध्या हवेत चार-पाच तासांत ते निम्म्यावर येतं आणि रिपोर्ट फसवा येतो. आताही आईंना एकदा दाखवून घ्या.

मुलुंडची_मीरा
कॉक बंद केला. उद्या सकाळी आईला घेऊन जाते. शीट काढून एक्झॉस्ट फॅन बसवला तर गिझर वापरता येईल का?

गिझर_दुरुस्ती_दादर
नाही ताई. वीस वर्षं हेच काम करतोय. ज्वाळेला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. ज्वाळा निळी हवी. पिवळी दिसली, वर काजळी धरली की समजायचं. बंद खोलीत एक्झॉस्ट जोरात चालला आणि बाहेरून हवा यायला वाट नसली, तर तो फ्लू पाइपमधला, म्हणजे गिझरचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीतला, धूर उलटा आत ओढतो. गिझर बाथरूममध्ये नकोच. ड्राय बाल्कनी उघडी असेल तर तिथे हलवा, काचा लावून बंद केलेली असेल तर तिथेही नको. सरळ विजेचा स्टोरेज गिझर घ्या, फक्त १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

आता अलार्म. गळतीचा डिटेक्टर वेगळा, तो पाइपातला गॅस ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आणि ईएन ५०२९१ हे मानक बघा. सेन्सर संपायची तारीखही बघा, नंतर तो नुसता भिंतीवर लटकतो. वाफेमुळे बाथरूममध्ये लावायचा नाही. बेडरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये लावा. पण या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग) तास-दीड तासाने वाजतो, ३०० ला तीन मिनिटांत, आणि तेही वायू त्याच्यापर्यंत पोचला तर. बंद दाराआडच्या माणसाला तो वाचवेल असं धरून चालू नका.

मुलुंडची_मीरा
तुम्ही सांगितलंत ते सगळं सेन्सरचं तपासून अलार्म मागवला, विजेच्या गिझरचीही ऑर्डर दिली. आत्ता शीट काढून डक्टमध्ये डोकावले. वरच्या तीन मजल्यांच्या गिझरचे पाइप त्यातच सोडलेत, आणि खालच्या घराच्या खिडकीलाही शीट आहे. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे विषय काढते.

पार्लेकर_काकू
रविवारपर्यंत थांबू नकोस गं. उद्या सकाळीही त्या घरांत आंघोळी होणारच आहेत. आत्ता ग्रुपवर टाक, आणि खालच्यांची बेल वाजव.