‘वॉरंट चीफ’ला मराठीत काय म्हणावे? टोळीप्रमुख, पाटील की आणखी काही

प्रश्न

नायजेरियाच्या वसाहतकाळावरचे काही संशोधनलेख अभ्यासगटासाठी मराठीत आणते आहे. विषय आहे आग्नेय नायजेरियातला इग्बो समाज आणि १९२९ सालचा तिथल्या बायकांचा उठाव. पहिल्याच पानावर अडले. ‘वॉरंट चीफ’ हा शब्द आला, मी ‘टोळीप्रमुख’ लिहिले आणि पुढे गेले. चार पाने झाल्यावर लक्षात आले की या एका शब्दाने लेखाचा मुद्दाच उलटा होतोय. लेखात म्हटले आहे की इग्बोंच्या बहुतेक गावांत असा एकहाती सत्ता चालवणारा माणूस नव्हताच. माझे मराठी वाचणाऱ्याला मात्र वाटणार की तो पिढ्यानपिढ्या होता आणि इंग्रजांनी त्याला नुसते हाताशी धरले. सोबत ‘ट्राइब’, ‘इनडायरेक्ट रूल’ आणि ‘सिटिंग ऑन अ मॅन’ यांनाही शब्द हवे आहेत.

उत्तर

‘टोळी’ आधी काढून टाका. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते, माकडांची असते, ऊसतोडीला निघालेल्या मजुरांची असते. चार दिवसांसाठी जमलेला किंवा भटकणारा घोळका, एवढाच तिचा अर्थ. इग्बो हा सुरण-कंदासारखे याम पिकवणारा, ठरलेल्या वारी बाजार भरवणारा, गावे करून राहणारा समाज आहे. त्याला टोळी म्हणणे चूकच.

‘जमात’ त्यातल्या त्यात बरा, पण आपल्याकडे जमात म्हटले की अनुसूचित जमाती डोळ्यांपुढे येतात. शिवाय मूळ ‘ट्राइब’ शब्दावरच आफ्रिकी अभ्यासकांचा आक्षेप आहे. दक्षिण आफ्रिकेचे मानववंशशास्त्रज्ञ आर्ची माफेजे यांनी १९७१ मध्येच या कल्पनेवर टीका केली होती. या खंडातल्या प्रत्येक गोष्टीचे कारण ‘ट्राइब’मध्ये शोधायची सवय वसाहतकाळाने लावली, असा त्यांचा रोख होता. तेव्हा लेखक स्वतः बोलत असेल तिथे ‘इग्बो समाज’ किंवा नुसते ‘इग्बो’ लिहा. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी ‘ट्राइब’ असेल तिथे ‘ट्राइब’च राहू द्या. तो त्याचा शब्द आहे, त्याच्या गळ्यात राहू दे.

आता मुख्य शब्द. ‘वॉरंट’ म्हणजे काय होते हे पाहिले की मराठी शब्द समोरच येतो. सरकारने एक कागद दिला. तो ज्याच्या हाती, तो नेटिव्ह कोर्टात, म्हणजे सरकारने स्थानिक लोकांसाठी काढलेल्या न्यायालयात, बसणार, निवाडे करणार, रस्त्याच्या कामाला माणसे जुंपणार. आपल्याकडे अशा कागदाला ‘सनद’ म्हणत आले आहेत. म्हणून ‘सनदी प्रमुख’. त्याचा अधिकार गावातून आलेला नाही, कागदातून आलेला आहे, हे त्या एका विशेषणात येते. इग्बोंमध्ये म्हणच आहे, ‘इग्बो एन्वे एझे’, म्हणजे इग्बोंना राजा नसतो. ओनित्शा या शहरासारखे काही अपवाद आहेत, पण बहुतेक ठिकाणी वडीलधारे, निरनिराळ्या कुळांचे लोक, वयानुसार केलेले गट आणि बायकांच्या स्वतंत्र बैठका मिळून गावाचा कारभार चालायचा. याला ‘गावकी’ हा आपला शब्द छान बसतो. कोकणातली गावकी मानपानात अडकलेली असते हे खरे, तेवढी एक तळटीप द्या.

दुसरे मत

सनद पटली, ‘सनदी’ पटत नाही. आजच्या वाचकाला ‘सनदी अधिकारी’ म्हटले की स्पर्धा परीक्षा देऊन आलेला जिल्हाधिकारी आठवतो, ‘सनदी लेखापाल’ म्हटले की हिशेब तपासणारा. ‘पाटील’ का नको? गावाचा सारा गोळा करणारा, गाव आणि सरकार यांच्या मधला माणूस. वाचकाला क्षणात कळेल.

त्यावर उत्तर

क्षणात कळेल, पण चुकीचे कळेल. पाटीलकी हे वतन होते. बापाकडून मुलाकडे जायची, तिचे मानपान गावाला मान्य होते, भाऊबंदकीत तिच्यासाठी पिढ्या न् पिढ्या तंटे चालायचे. सरकार बदलले तरी पाटील तोच राहायचा. वॉरंट चीफ याच्या नेमका उलट. सरकारने कागद काढून घेतला की तो कोणीच नाही. आदिएले आफिग्बो या नायजेरियन इतिहासकाराने १९७२ साली या सनदवाल्यांवर आख्खे पुस्तक लिहिले. १८९१ ते १९२९ हा त्याचा कालखंड. ते वाचताना कळते की कागद देताना ‘याला गाव मानते का’ हा प्रश्न किती ठिकाणी विचारलाच गेला नव्हता.

‘सनदी’ची अडचण मात्र खरी आहे. मग ‘सनदधारी प्रमुख’ करा. थोडा लांब आहे, पण जिल्हाधिकाऱ्याशी गल्लत होणार नाही.

प्रश्नकर्तीकडून

‘सनदधारी प्रमुख’ घेतले, मनापासून आभार. ‘इनडायरेक्ट रूल’ला ‘अप्रत्यक्ष राजवट’ असे लिहून ठेवले आहे, पण ते कानाला सरकारी वाटते.

उत्तर

कोशात तेच आहे आणि चालेल. पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा, ‘संस्थाने ठेवून त्यांच्यामार्फत राज्य करण्याची पद्धत’. मराठी वाचकाला सातारा, कोल्हापूर, बडोदा आणि तिथले रेसिडेंट माहीत असतात. उत्तर नायजेरियात हे रूपक चपखल बसते. सोकोटो हे तिथले मुस्लिम राज्य १९०३ मध्ये इंग्रजांनी जिंकले, पण तिथले अमीर म्हणजे मुस्लिम सत्ताधीश, त्यांची न्यायालये, त्यांची करवसुली राहू दिली आणि वर आपले अधिकारी बसवले. त्यांचेही पदनाम ‘रेसिडेंट’च होते. हा कारभार रचणारा फ्रेडरिक लुगार्ड जन्मला मद्रासमध्ये, १८५८ साली.

घोटाळा झाला तो दक्षिणेत. १९१४ मध्ये उत्तर-दक्षिण एक केल्यावर लुगार्डने उत्तरेचा साचा जिथे अमीर नव्हते तिथेही लावला. नेटिव्ह कोर्टांतून गोऱ्या जिल्हा अधिकाऱ्याची अध्यक्षाची खुर्ची काढली आणि सनदधाऱ्यांना मोकळे रान मिळाले. म्हणून ‘संस्थान’ हा शब्द तुमच्या लेखात उत्तरेपुरताच ठेवा. इग्बोंच्या गावांना संस्थान म्हणालात तर पुन्हा ‘टोळीप्रमुख’वाली चूक होईल.

आणखी एक

हे वाचून आफ्रिकेतल्या वसाहती राजवटीचे अभ्यासक महमूद ममदानी आठवले. जन्म मुंबईचा, १९४६ चा, वाढले युगांडातल्या कंपालात. १९९६ च्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘सिटिझन’ आणि ‘सब्जेक्ट’ असे दोन शब्द समोरासमोर आहेत. दुसऱ्याला ‘प्रजा’ म्हणावे की ‘रयत’? त्यांचे म्हणणे असे की शहरातल्या गोऱ्यांना कायदा, हक्क, नागरिकत्व. खेड्यातल्या आफ्रिकी माणसाला मात्र प्रमुखाचा हुकूम, ‘रूढी’ या नावाखाली. मला ‘रयत’ आवडतो, पण रयतेविषयी आपल्या मनात शिवकाळाचा ओलावा आहे. तो इथे बरोबर नाही. ‘प्रजा’ कोरडा आहे, तोच ठेवावा.

प्रश्नकर्तीकडून

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड. ‘सिटिंग ऑन अ मॅन’. ज्युडिथ व्हॅन ॲलन यांच्या १९७२ च्या लेखाचे शीर्षकच त्यावरून आहे. शब्दशः ‘माणसावर बसणे’ केले तर वाचक हसेल, आणि हसण्यासारखे त्यात काही नाही. एखाद्याने बायकोला मारले, बाजाराचे नियम मोडले, गुरे बायकांच्या पिकात सोडली, की गावातल्या बायका जमून त्याच्या घरी जायच्या. त्याच्या चुका गाण्यांतून त्याला ऐकवायच्या, नाचायच्या, याम कुटायच्या मुसळांनी त्याच्या घराच्या भिंती बडवायच्या. तो कबूल होईपर्यंत हलायच्या नाहीत.

उत्तर

‘दारात धरणे धरणे’. आज धरणे म्हणजे आझाद मैदान आणि मंडप, पण जुना अर्थ बघा. देणेकरी देत नसेल तर सावकाराने त्याच्या दारात ठाण मांडायचे, उपाशी बसायचे, त्यालाही उठू द्यायचे नाही. तुमच्या बायका उपाशी बसत नाहीत, गातात आणि मुसळे आपटतात, एवढा फरक. तो वर्णनातून येईलच.

नात्यांचे शब्दही आपल्याकडे तयार आहेत. ‘उमुआदा’ म्हणजे त्या कुळात जन्मलेल्या आणि बाहेर दिलेल्या लेकी. त्या परत येऊन भांडणे सोडवतात, त्यांचा शब्द भावांनाही मोडता येत नाही. सरळ ‘माहेरवाशिणी’ लिहा. आपल्याकडची माहेरवाशीण चार दिवसांची पाहुणी असते, इग्बोंकडे तिला निवाड्याचा अधिकार आहे, हे वाचकाला चटकन जाणवेल. १९२९ च्या उठावात गावोगावच्या बायकांपर्यंत निरोप इतक्या लवकर कसा गेला, याचे उत्तरही तिथेच आहे. प्रत्येकीचे एक गाव सासरचे, एक माहेरचे. निरोपाची खूण म्हणून पामचे पान पाठवायचे.

आणि एक विनंती. या उठावाला आबा शहराच्या नावावरून ‘आबा रायट्स’ म्हणतात, त्याचे भाषांतर ‘आबा येथील दंगली’ असे करू नका. ते सरकारी कागदातले नाव आहे. त्या नावात बायकाही नाहीत आणि कारणही नाही. इग्बोत त्याला ‘ओगु उमुन्वान्यी’ म्हणतात, बायकांचे युद्ध. १८५७ ला ‘बंड’ म्हणायचे की ‘समर’ यावर आपण किती वर्षे भांडलो! मग दुसऱ्यांच्या बाबतीत सरकारी शब्द मुकाट्याने का घ्यायचा? सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गोळ्यांनी पन्नासहून अधिक बायका गेल्या. एवढे होऊन सनदधाऱ्यांची पद्धत मात्र बायकांनी मोडून काढली.

प्रश्नकर्तीकडून

‘बायकांचे युद्ध’ केले. हा परिच्छेद जमलाय का पाहा:

“पुरुषांवर १९२८ मध्ये कर बसला होता, त्याआधी त्यांची मोजदाद झाली होती. त्यामुळे आता मोजणी म्हणजे बायकांवरही कर, अशी धास्ती होती. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावी सनदधारी प्रमुख ओकुगो याचा माणूस जनगणना करत आला. न्वान्येरुवा नावाची बाई पाम तेल काढत बसली होती. तुझी माणसे, शेळ्यामेंढ्या मोज, असे तो म्हणाला. तुझ्या आईची मोजणी झाली होती का, असे तिने विचारले. बायका ओकुगोच्या दारात धरणे धरून बसल्या. त्याची टोपी काढून घ्या, ही त्यांची मागणी होती.”

उत्तर

दोन ठिकाणी हात लावते. ‘जनगणना’ काढा. हातात तक्ता घेतलेली शाळामास्तरीण दिसते त्या शब्दात. शेळ्यामेंढ्यांसकट मोजणे म्हणजे जुनी ‘खानेसुमारी’. ‘टोपी’ बरोबर आहे, पण ती सनदेबरोबर येणारी अधिकाराची खूण होती हे अर्ध्या वाक्यात सांगा, नाहीतर ‘टोपी घालणे’ आठवून वाचक भलतीकडे जाईल.

पुढे चौकशी आयोगापुढे बायकांनी म्हटले होते की आम्ही फळे देणाऱ्या झाडांसारख्या आहोत, आमची मोजणी कशाला? ते वाक्य तुमच्या मजकुरात येणार असेल तर ‘वंशवेल’ वगैरे सजावट करू नका. त्यांनी झाड म्हटले आहे. ‘फळती झाडे’ एवढेच लिहा.