विहिरीजवळ तणनाशक मारलंय, पाणी प्यायचं का? तातडीने मदत हवी आहे

आबोली (१९ ऑगस्ट, रात्री ९:४०)
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. गावच्या घरी (राजापूर तालुका) बाबांनी परवा पाणंदीला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तणनाशक मारलं. विहीर पिण्याच्या पाण्याची आहे. गणपतीला आम्ही सगळे जाणार, बरोबर तीन लहान मुलं. पाणी उकळून प्यायलं तर चालेल का? फिल्टर लावला तर? शेजारच्या काकूंची गाय त्याच बाजूला चरते, तिच्या दुधाचं काय? तणनाशक वापरूच नये वगैरे कृपया सांगू नका, मारून झालंय.

बेणणी (रात्री ९:५२)
कोणतं तणनाशक? विहीर किती लांब? कठडा आहे का?

राईन (रात्री १०:०५)
ग्लायफोसेटच असणार, आपल्याकडे दुसरं काय मारतात? मी जर्मनीत राहतो, इथे या विषयावर कित्येक वर्षं रान उठलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मार्च २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' म्हणजे २अ गटात टाकलं. अमेरिकेत शाळेच्या मैदानांवर ते फवारणाऱ्या एका माळ्याला २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने २८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई दिली होती. पुढे ती रक्कम बरीच कमी झाली, पण निकाल टिकला. मुलांना ते पाणी अजिबात देऊ नका.

चाकोरी (रात्री १०:२१)
राईन, अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच २अ गटात लाल मांसही आहे. तो गट एखाद्या गोष्टीने कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. रोजच्या मात्रेत धोका किती, हे त्यातून कळत नाही. तुमच्याच युरोपीय संघाने २०२३ च्या नोव्हेंबरात ग्लायफोसेटला आणखी दहा वर्षं परवानगी दिली. ते झाडांतलं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतं ते माणसाच्या शरीरात नसतंच. मी बारा वर्षं ऊस करतोय, घाबरवू नका लोकांना.

राईन (रात्री १०:३०)
ते विकर माणसात नसतं, पण आतड्यातल्या अनेक जिवाणूंत असतं. आणि डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं, ते पानावर पसरावं म्हणून साबणासारखा पदार्थ घालतात. बेडकांना आणि माशांना त्यातले काही पदार्थ मूळ औषधापेक्षा जास्त मारक ठरलेत. विहिरीत बेडूक असतीलच ना?

गोठण (रात्री १०:३८)
मीठ आणि व्हिनेगर एकत्र करून भर उन्हात फवारा, गवत जळून जातं. रसायनाची गरजच नाही. आम्ही अंगणात हेच करतो.

बेणणी (रात्री १०:४४)
गोठण, त्यांनी हे विचारलेलंच नाही. आणि मिठाने पाणंदीतली माती खराब होते, शेजारी माड किंवा कलम असेल तर त्याच्या मुळांनाही त्रास. कोकणात कुणाला हा सल्ला देऊ नका.
आबोली, नाव कळल्याशिवाय इथे कुणीही खरं उत्तर देऊ शकणार नाही. डब्याचा फोटो मागवा.

आबोली (रात्री १०:५८)
बाबांना फोटो काढून पाठवता येत नाही. नाव विचारलं तर 'तणनाशक, दुकानातून आणलं' एवढंच सांगतात. विहीर साधारण ३०-३५ फुटांवर, कठडा आहे पण एका बाजूने खचलाय. पाणी तपासून मिळतं का? कुठे?

कातळवाट (रात्री ११:१०)
मी लांज्याचा. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासतात, पण ते मुख्यतः जंतू, क्षार, कठीणपणा वगैरे. तणनाशकाचा अंश शोधायला मोठी यंत्रं असलेली खासगी प्रयोगशाळा लागते, आणि ती आधी विचारणार की नेमकं काय शोधायचं. भारतीय पिण्याच्या पाण्याच्या मानकात तणनाशकांपैकी ॲट्राझिनला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आणि टूफोरडीला (2,4-D) ३० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा आहेत. म्हणजे प्रत्येक रसायनाची चाचणी वेगळी, मोजमापही वेगळं. नावाशिवाय पैसे वाया.
उकळण्याने यातलं काहीही जाणार नाही, हे मात्र आत्ताच सांगतो. पाणी आटतं, औषध तिथेच राहतं.

परसदार (रात्री ११:१६)
घरी टीडीएस मीटर असेल तर बुडवून बघा, ३०० च्या आत आलं तर बिनधास्त प्या.

कातळवाट (रात्री ११:२०)
नाही हो! तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. विषाचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम त्याला दिसतच नाहीत. विषारी पाणीही त्यावर ५० दाखवेल. हा सल्ला मागे घ्या.

बेणणी (रात्री ११:३१)
नाव नसेल तरी एका गोष्टीवरून अंदाज येतो. गवत कसं मेलं?
आठ-दहा दिवसांत हळूहळू पिवळं पडून मुळासकट गेलं तर ग्लायफोसेट. रुंद पानांची झाडं पिळवटून वाकडी झाली आणि गवत तसंच हिरवं राहिलं तर टूफोरडी. दुसऱ्याच दिवशी सगळं भाजल्यासारखं तपकिरी झालं तर वेगळीच गोष्ट.
बाबांना फक्त एवढंच विचारा. आणि दुकानदाराकडे काय म्हणून मागितलं तेही.

फुरसं_दिसलं (रात्री ११:४०)
अवांतर: आमच्याकडे पाणंद साफ ठेवायचं एकच कारण, फुरसं (विषारी साप). गेल्या वर्षी चुलत्यांना चावलं, चार दिवस रुग्णालयात काढले. ग्रासकटर घ्या, फोर स्ट्रोकचा, टूस्ट्रोकवाला हात भरून आणतो. गडी आता दिवसाला मागेल ते घेतात आणि वर चहा-नाश्ता, तरी मिळत नाहीत.

आबोली (२० ऑगस्ट, सकाळी ७:१५)
बाबांशी बोलले. आमच्याकडेही कारण फुरसंच, आणि गडी मिळाला नाही. दुकानात त्यांनी 'पाऊस आला तरी धुऊन जाणार नाही असं द्या' म्हणून सांगितलं. १७ तारखेला सकाळी उघडीप होती तेव्हा मारलं, संध्याकाळी सर आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं करपलेलं होतं. तपकिरी. म्हणजे कोणतं? आणि विहिरीचं काय ते सांगा ना प्लीज.

बेणणी (सकाळी ७:२४)
एका रात्रीत करपलं आणि सरीनेही धुतलं गेलं नाही, म्हणजे पॅराक्वाट असण्याची दाट शक्यता आहे. ते पानाला अर्ध्या तासात धरतं म्हणून पावसाळ्यात दुकानदार हेच पुढे करतात. ग्लायफोसेटला पाच-सहा तास कोरडे लागतात. डब्यावर 'पॅराक्वाट डायक्लोराईड २४ टक्के' आहे का, कुणाकडून तरी वाचून घ्या.
आणि विहीर बाजूला ठेवा. फवारणी कुणी केली? बाबांनी स्वतः? पंप गळत होता का? हातमोजे होते?

चाकोरी (सकाळी ७:३३)
पॅराक्वाट मातीला लागताच चिकण कणांना घट्ट बसतं, पाण्याबरोबर खाली झिरपत नाही. विहिरीची चिंता ग्लायफोसेटपेक्षाही कमी. मी म्हणतच होतो की उगाच घाबरवताय.

निदान (सकाळी ७:४१)
मी डॉक्टर आहे, वीस वर्षं ग्रामीण भागात काम केलंय. चाकोरी, मातीबद्दल तुमचं बरोबर. पण पॅराक्वाटला उतारा नाही. पोटात गेलं तर एखादा घोटही जीव घेतो, आणि गळक्या पंपातून पाठीवर तासन्‌तास झिरपलं तर सोललेल्या कातडीतूनही शरीरात जातं.
आबोली ताई, बेणणीच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या. बाबांचं वय किती? पाठीला, मांड्यांना आग होते का, फोड आलेत का? नाकातून रक्त? घसा दुखतोय? नखं पिवळी किंवा पांढुरकी दिसतात का?

आबोली (सकाळी ८:०२)
वय ७१. हो, त्यांनीच मारलं. पंप जुना आहे, पाठीवर ओलं होत होतं म्हणाले, आणि संपेपर्यंत तोच सदरा अंगावर. हातमोजे नव्हते. पाठीला 'घामोळं' आलंय असं परवा रात्री फोनवर म्हणाले होते, ते मला आत्ता आठवलं. काकूंना बघायला पाठवलं. पाठीवर आणि कमरेला पाणी भरलेले फोड आहेत. काल सकाळी नाक पुसताना थोडं रक्त आलं होतं. घसा खवखवतोय, पण ते म्हणतात पावसाने. मी विहिरीचं विचारत बसले होते.

निदान (सकाळी ८:०६)
आज, आत्ता, रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. डबा झाकण घट्ट लावून, पिशवीत गुंडाळून बरोबर द्या, तो सगळ्यात महत्त्वाचा. निघण्याआधी सगळे कपडे काढून साबण आणि भरपूर पाण्याने अंघोळ, फोड न चोळता. मदत करणाऱ्याने हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.
डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. पॅराक्वाटचा संशय आहे. लघवीत ते आहे का, हे डायथायोनाइट नावाचं रसायन घालून बघता येतं, रंग निळा होतो. आणि खरी गरज पडल्याशिवाय ऑक्सिजन लावू नये, कारण या विषात ऑक्सिजनने फुप्फुसाची हानी वाढते. ही शेवटची गोष्ट गडबडीत राहून जाते, म्हणून कागदावर लिहून पाठवा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास चालू. डॉक्टरांनी तिथे विचारलं तर उत्तम.

काळी_माती (सकाळी ८:१९)
मी यवतमाळचा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसच्या वर माणसं गेली. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. अजिबात उशीर करू नका, ॲट्रोपिनचं इंजेक्शन लगेच द्यायला सांगा, त्यानेच वाचतात.

निदान (सकाळी ८:२५)
काळी माती, तुमची कळकळ समजते, पण यवतमाळला ती कीटकनाशकं होती. ॲट्रोपिन ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांवर चालतं. पॅराक्वाटवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनच डबा बरोबर हवा, नाहीतर 'फवारणीचं विष' ऐकून भलतेच उपचार सुरू होतात.

गोठण (सकाळी ८:३७)
मुलतानी माती पाण्यात कालवून प्यायला द्या, विष शोषून घेते. वाचलं होतं कुठेतरी.

बेणणी (सकाळी ८:४०)
गोठण, कृपा करा.

निदान (सकाळी ८:५२)
गोठण यांचं अगदीच चूक नाही. पॅराक्वाट गिळलं असेल तर पहिल्या काही तासांत रुग्णालयात त्याच जातीची माती किंवा कोळशाची भुकटी देतात, कारण हे विष मातीला घट्ट चिकटतं. पण इथे ते कातडीतून गेलंय आणि तीन दिवस झालेत. घरी काहीही पाजू नका.

राईन (सकाळी ९:१०)
मी काल नाव न विचारताच ग्लायफोसेटवर व्याख्यान दिलं, त्यात त्यांची रात्र गेली. चुकलं माझं. पॅराक्वाट इथे युरोपात २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे केरळने २०११ मध्येच बंद केलं. महाराष्ट्रात अजून काउंटरवर मिळतं, आणि ७१ वर्षांच्या माणसाला हातमोज्यांशिवाय मिळतं, याचा मला मनापासून राग येतो.

चाकोरी (सकाळी ९:३०)
बंदी घातली की चोरून विकलं जातं. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकडूनच मारायचं म्हणून आदेश काढला. आमच्या भागात कुठे दिसला असा चालक? पण दुकानदाराने नीट सांगायला हवं होतं, हे मान्य. आंबा-काजूच्या बागेसाठी किंवा घराच्या पाणंदीसाठी याची शिफारसच नाही, ते चहा, कापूस, बटाटा, द्राक्ष अशा पिकांसाठी आहे.

फुरसं_दिसलं (सकाळी १०:०५)
ग्रासकटर माझा घेऊन जा, लांज्यापर्यंत आणून देतो. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

आबोली (२० ऑगस्ट, रात्री ११:२०)
बाबा रत्नागिरीला दाखल आहेत. डबा पॅराक्वाटचाच निघाला, २४ टक्के. लघवीच्या तपासणीत हलका निळा रंग आला. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) थोडं वाढलंय. ऑक्सिजन लावायची तयारी चालली होती, भावाने तुमचं लिहिलेलं दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी पातळी बघून थांबवलं. मी सकाळच्या गाडीने निघतेय. निदान, पुढे काय?

निदान (रात्री ११:३४)
हलका रंग म्हणजे शरीरात गेलंय, पण फार नसावं. किडनी बऱ्याचदा सावरते. नजर फुप्फुसांवर ठेवायची. त्रास काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे 'मला बरं वाटतंय, गणपतीला घरी सोडा' असा हट्ट त्यांनी धरला तरी डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस ठेवा. रोज ऑक्सिजनची पातळी, क्रिएटिनिन, आणि छातीचा एक्स-रे पुन्हा. सिगारेट-विडी असेल तर बंद.

आबोली (२५ ऑगस्ट, दुपारी ४:१०)
क्रिएटिनिन उतरलं. एक्स-रे दोन्ही वेळा साफ. आज बाबा थोडं जेवले. फोड सुकताहेत, दोन बोटांची नखं मात्र पांढरी पडलीत. अजून घरी सोडलेलं नाही. गणपती या वर्षी काका बसवतील.
आता दोन प्रश्न, विहिरीचं काय करायचं आणि उरलेल्या औषधाचं काय, या वेळी सगळं सांगून. विहिरीच्या वरच्या अंगाला करपलेला पट्टा साधारण १५ फूट लांब, उतार विहिरीकडे, खचलेल्या बाजूने पावसाची माती आत जाते. उरलेलं औषध साधारण पाऊण लिटर, डबा रुग्णालयातून परत आलाय.

कातळवाट (दुपारी ४:४०)
चाकोरी म्हणाले तसं ते मातीला धरून बसतं, पण तुमच्याकडे मातीच वाहून आत जातेय. खचलेल्या बाजूला मातीची पोती रचून वरच्या अंगाला चर काढा, पाणी गडग्याच्या पलीकडे वळवा. पिण्याचं पाणी या पावसात बाहेरून आणा, त्या विहिरीचं आंघोळीलाही वापरू नका. नाव कळलंय, तेव्हा पाऊस ओसरला की प्रयोगशाळेत फक्त पॅराक्वाटची चाचणी करून घ्या. मग कठडा बांधा.

बेणणी (दुपारी ४:५५)
गाय त्या पट्ट्यात सोडू नका, करपलेलं गवत चाऱ्यासाठी कापूनही देऊ नका. काकूंना आजच सांगा. औषध पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका, दुसऱ्या बाटलीत तर मुळीच काढू नका. सरबताच्या बाटलीत ठेवल्यामुळे माणसं गेलीत. मूळ डब्यात, कुलपात, आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारून पोहोचवा.

आबोली (संध्याकाळी ५:२०)
काकूंना फोन केला. गाय परवापासून गोठ्यातच आहे म्हणाल्या, त्यांनी स्वतःहूनच बांधली होती. डबा माळ्यावरच्या पेटीत कुलूप लावून ठेवला. भाऊ पोती भरायला गेलाय.