मदत हवी आहे: नाजूक हिरड्यांसाठी चार्जिंगचा टूथब्रश कुठला घ्यावा? (एक जाळून झाला आहे)

नमस्कार मंडळी,

वय ४८, मुक्काम कोथरूड. गेल्या महिन्यात वरच्या डाव्या सुळ्याला गार पाणी लागलं की थेट डोक्यात कळ जायला लागली. फ्रिजचं सोडा, माठातलंही सोसेना. डेंटिस्टकडे गेले. बाईंनी आरसा हातात दिला आणि दाखवलं. सुळ्यावरची हिरडी वर सरकलीय आणि मुळाशी नख अडकेल एवढी खाच पडलीय. म्हणाल्या, "कीड नाहीये. तुम्ही दात घासत नाही, कढई घासता."

स्केलिंग (दातांवरचा थर खरवडून काढणं) झालं, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट लिहून मिळाली. जमलं तर इलेक्ट्रिक ब्रश घ्या, असंही सांगितलं. कुठला ते विचारणार होते, पण तोवर बाहेर पुढच्या पेशंटने भोकाड पसरलं होतं (वय अंदाजे पाच).

घरी एक तसा ब्रश होता. भावाने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून येताना आणलेला, खोकंही न फोडलेलं. आमच्या बाथरूममध्ये गिझरचा एकच मोठा पॉइंट, म्हणून ओट्यावर मिक्सरच्या शेजारी, पिन बदलायचा अडॅप्टर लावून चार्जिंगला ठेवला. दहा मिनिटांत जळका वास. मी आधी गॅसवर दूध आहे का ते बघून आले. चार्जर उलटा केला तर खाली मुंगीच्या अक्षरांत '११० ते १२७ व्होल्ट'. संपलं.

आता नवीन घ्यायचाय. दुकानातला मुलगा फक्त 'मॅडम, यात पाच मोड आहेत' एवढंच सांगतो. गोल डोक्याचा फिरणारा घ्यावा की लांबट, थरथरणारा? हिरड्यांतून अधूनमधून रक्त येतं, तिथे यंत्र लावावं का? आणि आई (७४) माझ्याकडेच असते, तिच्या हिरड्या तर सुजलेल्याच असतात. दोघींना एक चालेल का?

निवांत_पाषाण

अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडे २३० येतात. चार्जरवर '१०० ते २४०' लिहिलेलं असेल तरच लावायचा. बाकी ब्रशचा जीव गेला नसेल कदाचित, पण त्या चार्जरला पुन्हा हात लावू नका.

फिरणारा की थरथरणारा यावर इथे पानिपत होऊ शकतं. दोन्हींनी दात स्वच्छ होतात. गोल डोक्याचा एकेक दात कवेत घेतो, थोडा खडखडाट करतो. सॉनिक म्हणतात तो मिनिटाला हजारोंनी थरथरतो, पण हिरडीला सौम्य वाटतो. मला पहिले चार दिवस नाकात गुदगुल्या व्हायच्या. मोड विसरा. तीन गोष्टी बघा: मऊ केसांचं डोकं, जोर जास्त झाला की लाल दिवा लावणारा किंवा वेग कमी करणारा सेन्सर, आणि दोन मिनिटांचा टायमर. सुटी डोकी सहज मिळतात का हे आधी विचारा, कारण ती दर तीन महिन्यांनी लागणार. एएए सेलवाले स्वस्त मिळतात, पण त्यांत सेन्सर नसतो, आणि तुम्हाला तर तोच हवा आहे.

दंतकथा

पेशाने डेंटिस्ट आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

उजव्या हाताने घासणाऱ्यांचा डावा सुळा पहिला बळी जातो. हात तिथून वळतो आणि सगळा जोर तिथेच पडतो. सरकलेली हिरडी आपोआप खाली येत नाही. आता आहे ती राखायची.

रक्ताचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे येतं. लोक घाबरून तेवढी जागा सोडून घासतात, थर वाढतो, मग आणखी रक्त. म्हणून ती जागा सोडू नका, फक्त हळू घासा. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर परत दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

यंत्राचा उपयोग होतो. कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळणारी संस्था) हिच्या २०१४ च्या आढाव्यात ५६ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा थर २१ टक्के आणि हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी आढळला. फरक आहे, चमत्कार नाही.

आता पद्धत, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. ब्रश तोंडात घेतल्यावर मगच बटण दाबा, नाहीतर आरसा पांढरा. केस हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर किंचित तिरके टेकवा आणि हात थांबवा. घासायचं नाही. दोन-तीन सेकंद एका दातावर, मग पुढचा. ब्रश मुठीत धरू नका, पेनसारखा बोटांत धरा, जोर आपोआप कमी होतो. पेस्ट वाटाण्याएवढी. कोळशाच्या आणि खरखरीत पावडरी बंद. पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, शेवटी चूळ भरून सगळी धुवून टाकू नका, नुसती थुंका.

आईंना बीपीची गोळी चालू आहे का?

कडुलिंब१९५१

आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत स्वतःच्या दातांनी ऊस खाल्ला. काडी चघळायचे. हल्ली दात घासायलाही वीज लागते. चालू द्या.

धागाकर्ती

@कडुलिंब, माझी आजी मिश्री लावायची. पन्नाशीत कवळी आली. आजोबा-आजोबांत फरक असतो.

@दंतकथा, हो! आईला अ‍ॅम्लोडिपिन, सात-आठ वर्षं. त्याचा काय संबंध?

दंतकथा

त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात, दातांच्या मध्ये गुबगुबीत होतात. सगळ्यांच्या नाही, आणि थर साचलेला असेल तर जास्त. गोळी मनाने बंद करायची नाही. फिजिशियनना विचारा, बदलून देता येते. आधी हिरड्यांच्या डॉक्टरांना, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टना दाखवा. खर्चाचा विचार असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं आझम कॅम्पसचं डेंटल कॉलेज बघा. विद्यार्थी करतात, वर शिक्षक असतात. फक्त वेळ काढून जा.

ब्रशची मूठ दोघींत एक चालेल, डोकी वेगळी. खाली रंगीत कडी असते, ती त्यासाठीच.

निवांत_पाषाण

जोर मोजायची एक गंमत सांगतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर नेहमीचा ब्रश नेहमीच्या जोराने दाबा. दीडशे ग्रॅमच्या आसपास आला तर ठीक.

धागाकर्ती

केलं. केकच्या काट्यावर. ४६० आले. मला खोटं वाटलं म्हणून पुन्हा केलं, ४९०. नवऱ्याचे १७०, आणि तो आता दिवसभर ते सांगत फिरतोय. मग दीडशेवर हात धरून पाहिला, तर ब्रश नुसता टेकल्यासारखा वाटतो. एवढ्याने दात स्वच्छ निघत असतील तर मी इतकी वर्षं काय करत होते?

धागाकर्ती (साडेतीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं. सेन्सरवाला सॉनिक घेतला, चार्जरवर १०० ते २४० हे आकडे दुकानातच चष्मा लावून वाचले. पहिल्या दिवशी लाल दिवा रिक्षाच्या इंडिकेटरसारखा उघडमीट करत होता. आता सुळ्याशी आलं की एखाद्या वेळी लागतो. रक्त दहाव्या-बाराव्या दिवसापासून नाही. माठाचं पाणी पिते, फ्रिजचं अजून नाही.

आईची गोळी बदलली, हिरड्यांची साफसफाई दोन खेपांत झाली, तिसरी पुढच्या मंगळवारी. ब्रशला मात्र ती हात लावायला तयार नव्हती, 'तोंडात भुंगा सोडल्यासारखं होतं' म्हणे. मग दंतकथांनी सांगितलं तसं, आधी बंदच ठेवून टेकवायचा आणि मग बटण, असं चार दिवस मी तिच्याजवळ उभं राहून केलं. आता निळी कडी तिची आणि पिवळी माझी. काल पिवळी ओली होती आणि मी अजून घासलेच नव्हते.

दुसरा सेट घेणार आहे. लक्ष्मी रोडच्या बाजूला सुटी डोकी कुणी घेतली असतील तर दुकान कळवा, दुपारी उघडं असेल असं.