मदत हवी आहे: नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग की अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्थान)?

संत्रानगरी:
बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र, तीन वर्षांची) झालं आहे. मराठी वर्तमानपत्रात काम करायचंय, जमलं तर शेती-विज्ञानावर लिहायचंय. पर्याय दोन: इथलं दोन वर्षांचं एम.ए. किंवा अमरावतीची एक वर्षाची मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका. घरच्यांचा आग्रह नागपूरचाच. नोकरीत पदविकेला कमी लेखतात का? आणि एकीकडे प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे नंबर लागला तर आधीची फी बुडते का?

डेस्कवाला:
उपसंपादकाच्या जागेसाठी पदवी की पदविका, यावर सहसा अडत नाही. अडतं ते चाचणीत. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी हातात देतात. दोनशे शब्दांत मराठी करा, मथळा द्या. आकड्यांत हमखास दांडी उडते: एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. दुसरी चूक म्हणजे इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उलथवणं. मग क्रियापद चौथ्या ओळीत सापडतं. वाचून कागद उलटा ठेवा आणि आठवणीतून लिहा. नावं-आकडे तेवढे शेवटी ताडून पाहा.

फरक पडतो पुढे. प्राध्यापकी किंवा पीएच.डी. मनात असेल तर सहसा नेट ही पात्रता परीक्षा लागते (त्यात जनसंवादाचा विषय क्रमांक ६३). त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५०. तुमची बी.एस्सी. आणि वर पदविका, एवढ्यावर बसता येत नाही. तसा विचारच नसेल, तर माझं मत अमरावती. एक वर्ष वाचतं.

कळफलक:
कुठेही जा, पण सुट्टीत इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) शिकून घ्या. विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीच असतो, फक्त सुरू करायचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. हलन्त ‘डी’च्या कळीवर, ‘र’ ‘जे’वर. नवे लोक ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र वापरतात आणि ‘दुसर्या’ उमटतं. तिथे शिफ्ट धरून ‘जे’ दाबायचं, मग हलन्त, मग य.
रोज अर्धा तास, अग्रलेख समोर ठेवून. पान लावताना काही ठिकाणी अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरतात. मजकूर त्यात बदलला की रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, म्हणून बदलानंतर पुन्हा वाचणं आलंच.

सिव्हिल_लाइन्स:
भाऊ, ऑफिसात विचारून काही कळत नाही बे, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा. तीनच गोष्टी विचारा. विद्यार्थ्यांनी सरावासाठी काढलेले प्रायोगिक अंक गेल्या वर्षी किती निघाले अन् पानं कोणी लावली? कॅमेरा घरी नेऊ देतात का? शिकवायला चालू पत्रकार येतात का? अंक दाखवा म्हटल्यावर जो चाचपडते, तिथं समजून घ्या.

नागपूरची बाजूही सांगतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथं होते. उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. विज्ञानवाल्याला एवढा मसाला एका शहरात मिळत नाही. फक्त अधिवेशनाच्या सभागृहात पासशिवाय शिरता येत नाही. विभागाचं पत्र आधीच मागा. अमरावतीला गेला तर मेळघाट जवळ, कुपोषणापासून व्याघ्र प्रकल्पापर्यंत विषयच विषय. पण दीडशे किलोमीटर आहे, रोज जाणं-येणं डोक्यातून काढा.

नियमावली:
फीचं राहिलंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांपर्यंत). १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काहीच नाही. यूजीसी काही वर्षी याहून सवलतीची तारीख जाहीर करते, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक पाहा. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलं तर तारीख सिद्ध होत नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याचा संस्थेला अधिकार नाही. पडताळणी झाली की लगेच परत मागा, नाहीतर दुसरीकडे दाखवायला हातात काही नसतं.

संत्रानगरी:
नेटचा विचार नाही. इनस्क्रिप्ट आजच सुरू करते. अमरावतीच्या वसतिगृहाची कुणाला माहिती असेल तर सांगा, घरच्यांना तेवढंच पटवायचं उरलंय.