पहिलाच उमरा, सोबत अम्मी : इहराम कुठे बांधू?

चिपळूणकर२४ : उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, मुंबई-जेद्दा थेट विमान आहे. इहराम, म्हणजे यात्रेची दोन न शिवलेली वस्त्रं, घरूनच बांधू की विमानात?

खाडीकाठचा : मुंबई विमानतळावरच बांध. मीकात (इहरामशिवाय ओलांडू नये ती सीमा) हवेतच येतो, तिथे नियत, म्हणजे उमऱ्याचा संकल्प, कर. मी शहाणपणा करून विमानाच्या शौचालयात बांधायला गेलो, लुंगी दोनदा सुटली! कमरेला पट्टा लाव, चालतो. साबण बिनवासाचा घे. तवाफाचे, म्हणजे काब्याभोवतीचे, फेरे काळ्या दगडासमोरच्या हिरव्या दिव्यापासून मोज. आणि काबा समोर आला तेव्हा पाठ केलेली एकही दुआ आठवेना, नुसता रडत उभा होतो.

चिपळूणकर२४ : अम्मीचे गुडघे दुखतात. सई, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या खेपा, जमेल?

खाडीकाठचा : सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. व्हीलचेअर मिळते, लाजू नका.

कोकणची_लेक : अम्मींना नेहमीचेच कपडे चालतात. चपला मात्र पिशवीत घालून जवळच ठेवा, माझ्या हरवल्या.